विषय : बाबांचा आवाज येत नसल्याबाबत

बाबांचा आवाज सोमवारी सकाळी चहाच्या वेळी गेला. म्हणजे खरा आवाज आदल्या वर्षीच गेला होता. डॉक्टरांनी घशातली गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. सोमवारी गेला तो त्यांचा दुसरा आवाज, संगणकातला. पहिला गेला तेव्हा घरात सगळे रडले होते. दुसरा गेला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून फक्त एवढंच म्हणाली, "अहो, बघा बरं, वायर निघाली असेल." वायर निघालेली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण ती जागच्या जागी होती.

आमचे बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते. आख्खी नोकरी त्यांनी एका काचेच्या खोलीत माईकसमोर बसून काढली. गाडी कुठली, कुठे जाणार, कुठल्या फलाटावर लागली, हे सांगायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. या कामाला घरी कुणी फारसं मोठं समजत नसे, पण बाजारात बाबा भाव विचारायला तोंड उघडत आणि चार माणसं सवयीने आपापल्या पिशव्या उचलत, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

ऑपरेशननंतर काही महिने ते हातवाऱ्यांवर होते. त्या हातवाऱ्यांचे अर्थ लावताना घरात रोज दोन तट पडत आणि बाबा मधे कपाळाला हात लावून बसत. शेवटी मी माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला आणि त्यावर ओपन सोर्स म्हणतात ती प्रणाली बसवली. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि तिच्यात असा एक प्रोग्रॅम असतो की आपण मराठीत टाइप केलं की तो ते मोठ्याने वाचतो. आवाज पडसं झालेल्या कारकुनासारखा होता, पण आवाज होता. बाबा एका बोटाने टाइप करू लागले आणि घराचं स्थानक झालं. "लक्ष द्या. जेवण तयार आहे. सर्वांनी आपापल्या जागी बसून घ्यावे." मी न्हाणीघरात जास्त वेळ घेतला की, "आत असलेल्या व्यक्तीने कृपया बाहेर यावे." व्यक्ती निमूट बाहेर येत असे.

या यशाने माझ्या डोक्यात थोडी हवा गेली हे मान्य केलं पाहिजे. मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रार खिडकीवर बसतो. तिथे माणसाच्या हातून काही दुरुस्त होत नाही. तक्रार घ्यायची, तिच्यात काय कमी आहे ते दाखवायचं आणि परत द्यायची, एवढंच आमचं काम. अशा माणसाने आपल्या बापाला आवाज मिळवून दिला, तर त्याने ते चार लोकांना सांगू नये काय? मी चाळीस लोकांना सांगितलं.

त्यातच आगारप्रमुख स्वतः घरी आले. जुनं स्थानक येत्या रविवारी बंद होणार होतं. नव्या स्थानकात दिव्यांच्या पाट्या आहेत, तिथे उद्घोषकाची जागाच नाही. जुन्या स्थानकातून संध्याकाळी जी शेवटची गाडी सुटेल तिची घोषणा बाबांनी करावी, अशी सगळ्यांची इच्छा होती. "यंत्रातून का होईना, पण तुमच्याकडूनच व्हायला पाहिजे," असं ते म्हणाले. बाबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी टाइप केलं आणि यंत्र म्हणालं, "बरं." त्या संध्याकाळपासून ते दार लोटून बसले. आतून तीच घोषणा पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. मी बाहेर सोफ्यावर अभिमानाने पाय हलवत बसलो होतो. आणि सोमवारी आवाज गेला.

पहिला उपाय म्हणून मी संगणकाला एक थाप मारली. आमच्या घरातली पंख्यापासूनची सगळी यंत्रं थापेला मान देतात, पण याने दिला नाही. मग स्पीकर बदलले. नवे स्पीकरही तितकेच गप्प होते.

बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका खाली आले. हे बँकेतून निवृत्त झाले असले तरी त्यांनी हिशेब विचारणं सोडलेलं नाही. त्यांनी पडद्याकडे न बघताच निदान केलं. "फुकट ते पौष्टिक असं वाटतं माणसाला," ते म्हणाले, "पण ज्या वस्तूला मालक नाही, तिची तक्रार नेणार कुठे?"

हा प्रश्न माझ्या वर्मी लागला. तोवर मी त्याचा विचारच केला नव्हता. विकत घेतलेल्या वस्तूमागे एक कंपनी असते, कंपनीत एक खिडकी असते आणि खिडकीत माझ्यासारखा एक माणूस असतो. तो काही करत नाही, पण तो तिथे असतो. इथे जगभरातल्या अनोळखी लोकांनी हौसेने मिळून बनवलेली वस्तू, आणि खिडकी कुठेच नाही. त्या दिवशी कामावर मी दोन तक्रारी चक्क स्वीकारल्या. शेजारच्या खिडकीवाल्याने मला बरं नाही का म्हणून विचारलं.

संध्याकाळी मेहुणा आला. मेहुणा प्रिंटरची शाई विकतो, त्यामुळे नातेवाइकांत तो कॉम्प्युटर लाईनमधला माणूस समजला जातो. त्याने आल्या आल्या एक काळी खिडकी उघडली, तिच्यात पांढरी अक्षरं उमटवली आणि मला पासवर्ड टाकायला सांगितला. मी टाकू लागलो, तर अक्षर उमटेना, साधा ठिपकासुद्धा दिसेना. मी कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून शेंगदाण्याचं एक साल पडलं. मेहुणा म्हणाला, दाजी, इथे पासवर्ड दिसत नाही, नुसता श्रद्धेने टाकायचा असतो. मी श्रद्धेने टाकला. त्यावर यंत्राने जे कळवलं त्याचा मेहुण्याने असा अर्थ सांगितला : तुम्हाला हे करण्याचा अधिकार नाही आणि या घटनेची नोंद घेण्यात येईल.

घाबरण्याचं काही कारण नव्हतं. असली वाक्यं मी रोज लिहितो आणि ज्याची नोंद घेतली जाते त्याचं पुढे काहीच होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण स्वतःच्या घरात, बायको आणि मेहुण्यासमोर, माळ्यावरच्या डबड्याने अधिकार विचारावा, हे मनाला लागलं. अधिकार होता बाबांकडे. प्रणाली बसवताना तिने पहिल्या वापरकर्त्याचं नाव विचारलं होतं. वडीलधारं माणूस घरात असताना पहिलं नाव आपलं कसं घालायचं, म्हणून मी बाबांचं घातलं. पहिला जो असतो तोच यंत्राचा मुखत्यार होतो, हे मला काय माहीत. तेव्हा बाबांना बोलवावं लागलं. ते आले, चष्मा पुसला आणि एका बोटाने पासवर्ड टाकून पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. पुढे आठवडाभर प्रत्येक उपायाला त्यांना असंच उठावं लागलं आणि ते दर वेळी न कुरकुरता उठले.

मेहुण्याने सगळं अपडेट केलं. काळ्या खिडकीतून पांढऱ्या ओळी इतक्या वेगाने धावल्या की काहीतरी भव्य घडत असल्याची आमची खात्री पटली. मग यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. आवाज नव्हताच, पण आता अक्षरंही एवढाली मोठी झाली होती की पडद्यावर एका वेळी दीड शब्द मावत होता. शिवाय वायफाय नाहीसं झालं होतं. वायफाय चालायला ड्रायव्हर नावाचा तुकडा लागतो, तो इंटरनेटवरून उतरवायचा असतो आणि इंटरनेटला वायफाय लागतं. असा नियम आमच्या कचेरीत असता तर तो मी केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मेहुण्याने शेजारच्या घरातून लांबलचक केबल ओढून तो तुकडा आणला, आणि तो बसवल्यावर सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. बाबांनी टाइप केलेली घोषणा चौकटींची एक लांब रांग होऊन पडद्यावर बसली. मेहुण्याला तेवढ्यात शाईची ऑर्डर आठवली.

निघता निघता तो एवढं म्हणाला की एवढा खटाटोप करण्यापेक्षा माझा फोन घ्या, फोनही मराठी वाचून दाखवतो. मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. जुन्या यंत्रावरची ही निष्ठा बघून मला गहिवरून आलं, आणि मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी रविवारच्या आत हेच यंत्र बोलेल.

आता खिडकी शोधणं भाग होतं, आणि ती सापडली. या प्रणालीच्या लोकांचा इंटरनेटवर एक मंच असतो. तिथे आपली अडचण लिहायची आणि ज्याला वेळ असेल तो उत्तर देतो. मी फोनवरून लिहिलं. लिहिण्यात मी कुणाला हार जाणार नाही. वर विषय घातला, ‘बाबांचा आवाज येत नसल्याबाबत’. खाली महोदय, मग उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन, मग बाबांच्या प्रदीर्घ सेवेचा परिचय, रविवारच्या सोहळ्याची माहिती, आणि शेवटी तत्पर कार्यवाहीची नम्र विनंती. इतका सुबक अर्ज माझ्या खिडकीवर उभ्या जन्मात आलेला नाही. चहा गार व्हायच्या आत तो बंद करण्यात आला. शेरा होता, ‘माहिती अपुरी. यंत्राचा तपशील नाही. याच विषयावर आधी उत्तर दिलेले आहे.’

मी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. राग आला होता हे खरं, पण रागाच्या तळाशी आदरही होता. समोरचा माणूस खिडकी जाणत होता.

दुसऱ्या अर्जाला ‘कासव’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी उत्तर दिलं. गृहस्थ की बाई, तरुण की म्हातारं, कुठल्या देशात बसलेलं, काही कळत नव्हतं. कासवाचं पहिलंच वाक्य असं होतं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, आवाज तिथूनच बंद केलेला नाही ना, हे आधी पाहा.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्या थराला गेलेला बिघाड, आणि हे मला बटण विचारतात. आमच्या खिडकीवरही पहिला प्रश्न हाच असतो, घरचा मुख्य नळ बंद नाही ना? आणि प्रत्येक तक्रारदार, कधी नळाकडे ढुंकूनही न बघता, ताठ मानेने ‘तपासला’ म्हणून सांगतो. मीही लिहिलं, ‘तपासले.’

कासवाने विश्वास ठेवला. मग ते मला एकेक पायरी उतरवत नेऊ लागलं. ही ओळ लिहा, काय दिसतं ते सांगा. ती लिहा, आता काय दिसतं. बाबांनी उठून पासवर्ड टाकायचा, मी ओळ लिहायची, यंत्राने गप्प राहायचं, असा आमचा क्रम झाला. अक्षरं लहान झाली, चौकटींची पुन्हा मराठी झाली, सगळं सुधारलं, आवाज सोडून. शुक्रवारी कासवाने हात टेकले. सगळं पुसून प्रणाली नव्याने बसवा, यापलीकडे मला सुचत नाही, असं त्याने लिहिलं आणि खाली वडिलांना नमस्कार सांगा असंही लिहिलं. हे वाचून मला एकदम भरून आलं. आजवर कुणाच्या वडिलांना मी खिडकीतून नमस्कार सांगितलेला नाही.

शनिवारी सकाळी बरं नाही असं कचेरीला कळवून मी घरीच राहिलो. दुपारपर्यंत मी सगळं पुसलं, नव्याने बसवलं, आणि या खेपेलाही पहिलं नाव बाबांचंच घातलं. वाचणारा प्रोग्रॅम घातला, ‘नमस्कार’ असं टाइप केलं आणि पडसं झालेला तो कारकून स्वच्छ म्हणाला, "नमस्कार."

बायको हात पुसत धावत आली. मी खुर्चीतून उठून बाबांचा हात हातात घेतला, त्यांना यंत्रापुढे बसवलं आणि घोषणा पुन्हा लिहून घ्या म्हणून सांगितलं. ते माझ्याकडे बघून हसले. मग मी पेढे नाही तरी निदान बिस्किटं आणावीत म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, जिन्यात बँकवाल्या काकांना मालक नसलेल्या वस्तूंविषयी दोन शब्द ऐकवले, आणि परत आलो तर यंत्र गप्प होतं.

मी ओरडलो नाही की थाप मारली नाही. मी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसलो आणि कासवाने सांगितलेलं सगळं पहिल्यापासून करायचं ठरवलं. पहिलं होतं वरच्या कोपऱ्यातलं स्पीकरचं चित्र. चित्रावर एक बारीक फुली होती. ही फुली मी आठवडाभर रोज पाहत होतो आणि चित्रच तसं असतं असा माझा समज होता. पण दुपारी, प्रणाली नव्याने बसवल्यावर, ती नव्हती. आणि त्यानंतर त्या खुर्चीत फक्त एकच माणूस बसलेला होता.

मी म्हणालो, "बाबा, आवाज तुम्ही बंद केलात?"

त्यांनी पडद्यावर टाइप केलं. आता वाचून दाखवायला कुणी नव्हतं, मीच वाचलं. "हो."

"सोमवारीही?"

"हो."

मला संताप आला. आठवडाभर जे केलं ते सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि रोज इमानाने उठून पासवर्ड टाकणारे बाबाही गेले. का, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला असणार, कारण बायको दारात येऊन उभी राहिली. बाबांचं बोट सावकाश चालू लागलं. मी त्याच्या मागोमाग वाचत गेलो.

"हा थांबत नाही. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हटल्यावर थांबायचं असतं. माणूस मान वर करतो, पिशवी खाली ठेवतो, पोराला गप्प करतो. तेवढा वेळ त्याला द्यायचा आणि मग गावाचं नाव घ्यायचं. हा धावत सुटतो. मी स्वल्पविराम घातले. ओळी सोडल्या. नाही थांबत. घरात चालतो. शेवटच्या गाडीला मी असा आवाज देणार नाही."

"मग मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"आवाज तू आणलास. तुला नको कसं म्हणू?" बोट जरा थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. "चालक आला नाही, डिझेल संपलं, साहेबाच्या मुलीचं लग्न निघालं, काही असलं तरी आम्ही एकच सांगायचो, तांत्रिक कारणामुळे गाडी रद्द. लोक थोडे चिडायचे आणि घरी जायचे. दुरुस्त करायला कधी कुणी बसलं नाही."

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं केलं. बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. घोषणा कोण करणार हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता, आणि आगारप्रमुखांना तांत्रिक कारण कळवायचं माझ्या जिवावर आलं होतं. तेव्हा दारातून बायको म्हणाली, "अहो, मग तुम्हीच करा ना."

माझा आवाज खिडकीचा आहे. मान खाली घालून ‘पुढचे’ म्हणण्यापलीकडे त्याने काही केलेलं नाही. बाबांनी मला जेवणाच्या टेबलाशी उभं केलं आणि घोषणा म्हणायला लावली. मी ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हणून पुढे निघालो की त्यांचा तळहात वर यायचा. मी थांबायचो. माझ्या मते पुष्कळ थांबलो की पुढे जायचो, आणि तळहात तसाच वर असायचा. बायकोला त्यांनी पिशवी घेऊन खोलीत चालायला लावलं. ती मान वर करून पिशवी खाली ठेवी, मग तळहात खाली येई. जेवणं गार झाली. शेवटी शेवटी त्यांचा तळहात वर येईनासा झाला, पण ते पसंतीने की थकून, हे मला कळलं नाही.

रविवारी संध्याकाळी त्या काचेच्या खोलीत मी माईकपुढे बसलो आणि बाबा माझ्यामागे उभे राहिले. खाली फलाटावर आगारातले जुने लोक जमले होते. शेवटची गाडी दिवे लावून उभी होती. "प्रवाशांनी लक्ष द्यावे," मी म्हणालो, आणि बाबांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट बसला. काचेतून खालची माणसं दिसत होती. माना वर झाल्या. एका बाईने पिशवी खाली ठेवली. कडेवरचं मूल रडायचं थांबलं. हात सैल झाला आणि मी गावाचं नाव घेतलं.

घोषणा संपली तरी गाडी हलली नाही. चालक खिडकीतून मान काढून वर, आमच्या काचेकडे बघत होता. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि त्यांनी काचेशी हात उंच केला. चालकाने मान आत घेतली आणि गाडी निघाली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

आगारप्रमुख जिना चढून वर आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "आवाज अगदी वडिलांचा घेतलाय तुम्ही."

बाबांनी तत्काळ मान हलवून नकार दिला. मग माझ्याकडे बघितलं, आणि अंगठा आणि बोट जवळ आणून त्यांच्यामधली फट आगारप्रमुखांना दाखवली. एवढासा, असं ते म्हणत होते.